वरचा सा

बाई : दार लोटून घे आणि पुन्हा सांग. सहावीच्या मुली काय करत होत्या?

मॉनिटर : मुद्दाम बेसूर गात होत्या, बाई. वरच्या सा ला सगळ्या मिळून खाली घसरायचं, असं ठरलं होतं त्यांचं. आणि तुम्ही म्हणालात, "छान, अगदी छान."

बाई : कोणी शिकवलं त्यांना हे?

मॉनिटर : आठवीच्या मुलांनी पैज लावली होती. बाईंना ऐकू येत नाही म्हणून.

बाई : आणि तुम्हा दहावीच्यांना काय वाटतं?

मॉनिटर : आम्हाला दिवाळीच्या... नाही, सहामाहीच्या आधीपासून माहितीये. तुम्ही उजवा कान पुढे करून बसता. पेटीवर तळहात टेकवून सूर बघता. आम्ही बोललो नाही कोणाला.

बाई : मोठे उपकार झाले माझ्यावर.

मॉनिटर : रागावू नका ना. मनगटावर तो वळ कसला आहे, बाई?

बाई : पाळण्याची दोरी. रात्री बांधून झोपते. तान्ही हलली, की हिसका बसतो.

मॉनिटर : रडलेलं ऐकू येत नाही?

बाई : उजव्या कुशीवर झोपले, तर नाही.

मॉनिटर : घरी माहीत आहे?

बाई : त्यांना वाटतं, लाडाने बांधते.

मॉनिटर : डॉक्टर?

बाई : गेले, की तो सांगणार. सांगितलं, की खरं होणार. तुला काय, तोंड उचललं आणि विचारलं.

मॉनिटर : उद्या मोठ्या बाई तासाला बसणार आहेत. पाचवी आणि आठवी एकत्र. मी पहिल्या बाकावर बसते. कोणी घसरलं, की पेन खाली पाडीन.

बाई : म्हणजे तू शिकवणार आणि मी पगार घेणार.

मॉनिटर : मग काय करणार?

बाई : माहीत नाही. कान गेला त्याची एवढी भीती नाही गं. पण मी गाते ना, ते तरी जागेवर आहे का? पाचवीची पोरं माझ्यामागून म्हणतात. मी सरकले तर सगळी रांग सरकणार, आणि मला पत्ताही नाही.

मॉनिटर : गाऊन बघा. मी ऐकते.

बाई : तू मला वाचवायला खोटं बोलशील.

मॉनिटर : सुराच्या बाबतीत? तुम्हीच मला सातवीत अख्ख्या वर्गासमोर थांबवलं होतं. तेव्हा कुठे दया केलीत?

बाई : ...बरं. मी डोळे मिटते. सरकले, की हात वर कर. नाही सरकले, तर मुकाट बस.

मॉनिटर : भाता मी मारू?

बाई : नको. पेटीशिवाय.

(बाई खालच्या सा पासून वरच्या सा पर्यंत सावकाश गातात.)

बाई : झालं. उघडू डोळे?

मॉनिटर : थांबा जरा.

बाई : का?

मॉनिटर : ...उघडा.

बाई : हात वर आहे तुझा.

मॉनिटर : शेवटच्या सुराला केला. नी पर्यंत नव्हता, बाई. शपथ.

बाई : नी पर्यंत.

मॉनिटर : आठवीतल्या मुलांचे आवाज फुटले, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, जिथवर पोचतो तिथवर गा, पुढचं पुढे बघू.

बाई : त्यांना सांगणं सोपं होतं. मोठ्या बाई असतील का अजून खोलीत?

मॉनिटर : दिवा दिसतोय. येऊ मी?

बाई : दारापर्यंत ये. आणि हात खाली घे आता, दुखेल.