ट्रायलवाल्या शर्मिष्ठादीदी

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या महिला समितीच्या आदरणीय विनोदिनीताई. मंचावरचे प्रमुख पाहुणे डॉक्टर शेखर साहेब. आज ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो त्या सत्कारमूर्ती शर्मिष्ठाताई देवपुजारी. रायपुरातल्या समता कॉलनीपासून तेलीबांध्यापर्यंतच्या, उन्हातून आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, आणि मागच्या रांगेत बसून मराठी समजणाऱ्या पण उत्तर हिंदीत देणाऱ्या आमच्या सगळ्या पोट्टे-पोट्टींनो! सर्वांना जयभीम आणि सविनय नमस्कार.

मी देवीदास गजभिये. रेल्वेच्या वॅगन कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होतो. भाषण हा माझा धंदा नाही. विनोदिनीताईंनी पाच मिनिटं दिली आहेत. मी सात घेईन, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही.

शर्मिष्ठाताईंच्या नोकरीचं कागदावरचं नाव ‘संशोधन समन्वयक’ आहे. पण ब्राह्मणपाऱ्यात त्यांच्या घराचा पत्ता विचारा, लोक म्हणतील, “वो ट्रायलवाली दीदी?” आता ट्रायल म्हणजे काय? मला तर फक्त शिंप्याकडची ट्रायल माहीत होती. सदरा घालून पाहायचा, बगलेत घट्ट झाला तर परत द्यायचा. औषधाचीही ट्रायल असते, आणि तिथं अंगावर घालून पाहायचा सदरा म्हणजे आपलं पोटचं लेकरू असतं, हे मला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी कळलं.

माझी मुलगी चेतना. तिला सिकलिंग आहे. या सभागृहात हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. आपल्यापैकी किती घरांत तो पाहुणा येऊन बसलाय, ते आपण जाणतो. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, नसांत अडकतात, आणि हाडं अशी दुखतात की शहाणं माणूस उशी चावतं. दोष माझा अर्धा, तिच्या आईचा अर्धा. आम्हा दोघांच्याही रक्तात तो लपून होता. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला पोरीला सहा वेळा दवाखान्यात भरती करावं लागलं. सहा!

तेव्हा चेतनानंच मोबाईलवर शोध घेतला. देशात कोणत्या औषधाची चाचणी कुठं चालू आहे, त्याची सरकारी नोंदवही इंटरनेटवर असते. कोणीही उघडून वाचावी. पण वाचणार कोण? सगळं जाडं-जाडं इंग्रजी. ही पोरगी सलाईन लागलेल्या हातानं आठ दिवस ते वाचत होती. एका दुपारी म्हणाली, “पापा, सिकलिंग की नई दवाई. शहरों की लिस्ट में रायपुर भी है. नीचे फोन नंबर दिया है.”

मी फोन लावला. पलीकडून आवाज आला, “बोला, शर्मिष्ठा बोलते.” मराठी! मला वाटलं, झालं काम.

मंडळी, काम झालं नाही. आज एवढ्या लोकांसमोर मला एक कबुली द्यायची आहे. त्या ट्रायलमध्ये यायचं तर आधीच्या तीन महिन्यांत रक्त चढवलेलं नसावं, अशी अट होती. चेतनाला दुर्गला तिच्या मामाकडे असताना पाच हप्त्यांपूर्वीच रक्त चढवलं होतं. मी विचार केला, दुर्गची गोष्ट रायपुरात कोणाला कळते? पोरीला वाटेतच सांगून ठेवलं, गप राहायचं.

टेबलापलीकडून दीदींनी विचारलं, “इतक्यात रक्त चढवलं काय?”

मी म्हणालो, “नाही.”

दीदींनी पेन खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलंच नाही. चेतनाला म्हणाल्या, “बेटा, तू सांग.”

चेतना म्हणाली, “चढवलं. दुर्गला. पाच हप्ते झाले.”

मी हात जोडले. म्हटलं, “दीदी, नका ना लिहू. कोणाले समजते? माही पोट्टी मरून राहिली दुखण्यानं!”

त्या रागावल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, “भैया, तुम्ही वॅगनचा ब्रेक तपासता. न तपासता कधी ‘ठीक आहे’ म्हणून सही केली?”

“जिंदगीत नाही केली.”

“मग मला काहून करायला सांगता? खोटं लिहिलं तर दुसऱ्याचं रक्त अंगात असताना औषधाचा गुण आला की रक्ताचा, ते कोणालाच कळणार नाही. आणि काही बिघडलं, तर डॉक्टरांना कारण सापडणार नाही. बिघडणार कोणाचं? हिचंच ना?”

मी मान खाली घालून घरी आलो. आपलं दार बंद झालं, असंच समजलो. पण रक्त चढवल्याला बरोबर तीन महिने पूर्ण झाले त्या दिवशी सकाळी फोन वाजला. माझ्यासाठी नव्हता. “चेतना, शर्मिष्ठा बोलते. तब्येत कशी आहे? अजून यायची इच्छा आहे का? नसेल तरी चालते.” तो दिवस त्यांनी आपल्या डायरीत लिहून ठेवला होता! नातेवाईक वाढदिवस विसरतात हो.

आता घरात खरा सामना होता माझ्या आईशी. भीमाबाई, वय एक्याऐंशी, माहेर भंडारा जिल्ह्यातलं, शाळा चौथी. ती म्हणाली, “माह्या नातीवर प्रयोग करून राहिले? उंदीर आहे काय ते?” संमतीचा कागद वीस पानांचा, हिंदीत. आई म्हणाली, “मराठीत सांगा, नाही तं मी उठत नाही.” चेतना सज्ञान, सही तिचीच लागणार होती. आजीला समजवायची दीदींना काही सक्ती नव्हती. तरी त्यांनी तीन बैठकांत एकेक पान मराठीत सांगितलं.

“ट्रायलच्या मधातच नाही म्हटलं तं?”

“चालेल आजी. कारणसुद्धा सांगायचं नाही. तिचा नेहमीचा इलाज आहे तसाच चालू राहील.”

“अन् हे नवं औषध भेटनच काय?”

“ते नक्की नाही. निम्म्या लोकांना नवी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. कोणाला कोणती, ते कॉम्प्युटर ठरवतो. मलाही कळत नाही, डॉक्टरांनाही नाही.”

शेवटी आईनं विचारलं, “तू आपली पोट्टी देल्ली असती काय?”

डॉक्टर साहेब, ट्रायल तुमचीच, तुम्ही तिथं होतात. दीदी म्हणाल्या, “भीती वाटली असती, आजी. तुमच्याएवढेच प्रश्न विचारले असते. मग तिच्यावर सोडलं असतं.”

आई चेतनाकडे वळली. “तुले काय वाटते?”

“आजी, मुझे करना है.”

“हव. मंग कर सही.”

वर्षभर आम्ही वाऱ्या केल्या. आधी दर पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं. रक्त तपासणी, आणि रोज रात्री वहीत दुखण्याला शून्य ते दहा गुण. गोळी कडू होती. मी घरभर सांगत सुटलो, “कडू आहे म्हणजे खरी आहे!” दीदींना डोळा मिचकावून विचारायचो, “खरी आहे ना?” त्या म्हणायच्या, “भैया, शपथेवर, मला माहीत नाही.” माझा विश्वास बसत नव्हता. त्या वर्षी पोरीला पाचदा भरती करावं लागलं, तरी मी म्हणालो, सहाचे पाच झाले!

सगळ्या शहरांतली चाचणी संपली, निकाल लागला, आणि आम्हाला बोलावणं आलं. दीदींनी पाकीट उघडलं. चेतनाला बिनऔषधाची गोळी मिळाली होती.

मी खुर्चीतून उठलो. नको ते बोललो. दीदी, त्या दिवसाबद्दल मी आज सर्वांदेखत माफी मागतो. तुम्ही एक शब्द उलट बोलला नाहीत. पोरीजवळ जाऊन बसलात. चेतना थोडी रडली. खोटं कशाला सांगू? मग डोळे पुसून म्हणाली, “पापा, किसी को तो उस तरफ रहना था ना. मेरी वही नसती, तर दवाई का असर किससे मिलाते?” आणि मग हसायलाच लागली. “कडू है मतलब असली है!” दीदी हसल्या, नर्स हसली. शेवटी मीही हसलो.

पुढं ज्यांना रिकामी गोळी मिळाली, त्यांना खरं औषध घेण्याची संधी होती. नवा कागद आला. आई म्हणाली, “पहिल्यापासून वाचा!” दीदींनी वाचला.

त्या औषधानं सगळ्यांना गुण आला असं मी म्हणणार नाही. आमच्यासोबतच्या कांताबाईंचं यकृत बिघडायला लागलं, डॉक्टरांनी त्यांचं औषध थांबवलं. आज त्या ठणठणीत दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. औषध थांबलं, पण दीदींचे फोन थांबले नाहीत. आमच्या पोरीला मात्र गुण आला. चौदा महिन्यांत एकच भरती.

गेल्या महिन्यात ती मैत्रिणींसोबत डोंगरगढला गेली. प्रज्ञागिरीच्या डोंगरावर बुद्धमूर्तीपर्यंतच्या पायऱ्या चढली. वरून तिचा फोन आला, धापा टाकत. “पापा, दुख रहा है.”

मी ओरडलोच, “कुठं? कुठं दुखते बाई?”

“पिंडऱ्या! पापा, सबके दुख रहे हैं! जैसे सबके दुखते हैं ना, वैसे!”

मंडळी, दुखण्याची बातमी ऐकून कोणी बाप रस्त्यात नाचल्याचं तुम्ही ऐकलंय? मी नाचलो.

शर्मिष्ठादीदी, तुम्ही आज निवृत्त होत आहात. तुम्ही आम्हाला कधीही वचन दिलं नाही, म्हणून आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवला. अध्यक्षांचे, डॉक्टर साहेबांचे आणि माझ्या सात मिनिटांची दहा झाली तरी घड्याळाकडे न पाहणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. आयुष्यभर लोखंड ठोकलं; बोलण्यात कुठं कोणाला घाव बसला असेल, तर पोटात घाला. आता जोरात टाळ्या वाजवा, माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी. जयभीम. नमस्कार.