मिस्त्रींचे शेंगदाणे

आमच्या रेवणमिस्त्रींचं मीटरशी कधी जमलंच नाही. शहात्तर साल असेल, धरणावरच्या लाँचला सुपरचार्जरचं, म्हणजे हवा दाबून आत भरणारं, इंजिन होतं. धुराची नळी किती तापली ते कळावं म्हणून लाँचवरच्या साहेबांनी मीटर बसवला, तरी मिस्त्री नळीवर डब्यात मूठभर शेंगदाणे ठेवायचेच.

एकदा भर पाण्यात त्यांनी तो डबा साहेबांच्या नाकाखाली धरला.

"करपलं बगा. इंजिन बंद करा."

"मीटर तर बरोबर दाखवतोय."

"मीटरला नाक कुटं हाय?"

साहेबांनी इंजिन बंद केलं. पाहतो तर मीटरचा काटा अडकलेला आणि इंजिनाच्या हवा ओढायच्या जाळीला टॉवेल चिकटलेला; हवा कमी पडून नळी तापली होती. टॉवेल कुणाचा? मिस्त्रींचाच.

मिस्त्रींनी एक करपलेला दाणा तोंडात टाकला. "दाणं खोटं बोलत न्हाय, साहेब. पर माझंच नाव सांगायचं व्हय?"