गजाननरावांची व्हॅन

मिल बंद पडल्यावर गजाननरावांनी घरची मारुती व्हॅन विकायला काढली, पण एकही गिऱ्हाईक टिकेना. म्हणून त्यांची बायको बेबीताई खजरान्याच्या गणपतीला साकडं घालायला आल्या. रांगेत पुढे एक जोडपं बोलत होतं.

“कालची व्हॅन घेऊनच टाकू. आईंना चढणं-उतरणं सोपं पडेल.”

“अहो, पावसात गळते म्हणाले ना ते गजाननजी.”

बेबीताईंनी कान टवकारले.

“सच्चा माणूस आहे. नाहीतर कोण सांगतं, सिमरोलच्या पुढच्या घाटात गाडी दम टाकते म्हणून?”

“आणि सकाळी चालू करायला धक्का मारावा लागतो, हेही सांगितलं. असं कुणी विकतं का?”

“मतलब?”

“मतलब त्यांना विकायचीच नाहीये. बोलताना सारखे तिच्यावरची धूळ पुसत होते, बघितलं नाही तुम्ही?”

“फालतू शक नको करू.” नवरा मागे वळला. “मावशी, तुम्हीच सांगा, असं असतं का कुठे?”

“गळत-बिळत नाही, भिया,” बेबीताई म्हणाल्या. “घाट मस्त चढते. किल्ली फिरवली की चालू होते.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“आमचीच आहे. पण तुम्ही आता दुसरी बघा.”