आस्लाकने गोष्ट पुरी सांगितली

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. रणात मरणाऱ्याला स्वर्ग मिळतो म्हणतात— कबूल. पण त्या स्वर्गाचं नाव घेऊन दुसऱ्याला मरायला पाठवणारा? त्याला आपण काय विचारायचं?

चला, समुद्र ओलांडू! नॉर्वे. थंडी अशी की श्वास मिशीवर गोठतो. तिथल्या जुन्या लोकांचा देव ओडिन— डोळा एक, खांद्यावर दोन कावळे. रणात पडलेल्या शूरांना त्याच्या दासी उचलून नेतात. आपल्या वीरगळांवर अप्सरा नेतात ना, तशाच! नेतात कुठे? वल्हालात. ढालींचं छप्पर, दिवसभर लढाई, संध्याकाळी जखमा बऱ्या— आणि पंगत! एकच डुक्कर रोज शिजतं, सकाळी पुन्हा जिवंत. नाकं मुरडू नका हो, ज्याचा देश त्याची पंगत. आपल्या भंडाऱ्याची बुंदी अशी पुन्हा भरली असती, तर आचारी रडला असता का?

हसलात? आता ऐका.

दुसरं महायुद्ध. नॉर्वे जर्मन फौजेच्या टाचेखाली. खाडीकाठच्या एका गावात आस्लाक नावाचा म्हातारा होड्या बांधायचा, आणि ओडिनच्या गोष्टी अशा सांगायचा की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा! त्याचा मुलगा एरलिंग, वीस वर्षांचा. गावात क्रोग नावाचा अधिकारी आला. परका नव्हे— त्यांच्याच देशातला, जर्मनांना मिळालेला! त्याने भिंतीवर जर्मन फौजेच्या भरतीचं चित्र लावलं : ओडिन, तलवार, खाली ‘पूर्वज वाट पाहतायत’. बापाच्या गोष्टींवर वाढलेलं पोर ते. सही करून गेलं रशियाच्या बर्फात. चार महिन्यांनी पत्र— ‘आपला मुलगा वल्हालात पोचला.’ कुठे पडला, कुठे पुरला, एक अक्षर नाही.

आस्लाकची बायको टोरा म्हणाली, “ही वाट त्याला तुम्हीच दाखवलीत.”

त्या दिवसापासून त्याच्या गोष्टी बंद.

आणि वसंतात क्रोग पुन्हा आला! शाळेत सभा, सहीला अकरा तरुण. क्रोग आस्लाकच्या दारात. “आस्लाकबाबा, वल्हालाची गोष्ट तुमच्यासारखी कुणाला येत नाही. आज सांगा. पंगतीपर्यंत सांगा, पुढे नको.”

टोरा म्हणाली, “जाऊ नका.”

“जातो,” आस्लाक म्हणाला. “एरलिंगला मी अर्धीच सांगितली होती.”

गेला! सांगू लागला! पंगत आली, टाळ्या पडल्या. क्रोग म्हणाला, “झालं. बसा आता.”

बसतोय कुठला! “पोरांनो, ही पंगत फुकटची नाही. शेवटच्या लढाईसाठी ओडिन त्यांना जेवू घालतो. ती लढाई आपण हरणार, हे त्याला ठाऊक आहे. तरी त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे निघतो तो स्वतः. एक राक्षसी लांडगा त्यालाच गिळतो.” मग क्रोगकडे वळून शांतपणे, “साहेब, तुम्ही कधी निघताय?”

म्हाताऱ्याला ओढत नेलं— दीड वर्ष कैद्यांच्या छावणीत. पण अकरातले नऊ जण उठून घरी गेले. दोघांनी तरीही सही केली, त्यातला एकच परत आला. खोटं कशाला सांगू? एका गोष्टीने सगळे शहाणे होत नाहीत.

युद्ध संपलं. क्रोगसाहेब कुठे सापडले? पळायच्या होडीत, माशांच्या पिंपांमागे, डोक्यावर बाईची शाल! लोक त्याला खाडीत लोटायला निघाले. छावणीतून काटकी होऊन आलेला आस्लाक मध्ये उभा राहिला.

“मला एकच विचारायचंय. माझा एरलिंग कुठे पुरलाय?”

क्रोगने मान खाली घातली. “माहीत नाही. मी नावं पाठवायचो. पुढचं बघत नव्हतो.”

आस्लाक लोकांकडे वळला. म्हणाला, “याला कोर्टात न्या. तिथे हेच सांगू दे, सगळ्यांच्या आयांसमोर.” टोरा पुढे आली आणि तिने नवऱ्याचा हात धरला. पत्र आल्यापासून पहिल्यांदा.

मंडळी, ओडिन वाईट नव्हता. गोष्टही वाईट नव्हती. ती अर्धी तोडून विकणारा वाईट! उद्या तुमच्याही दारात कुणी येईल— देवाचं नाव घेईल, पूर्वजांचं घेईल. तुमचं रक्त सळसळेल. सळसळू द्या! पण त्याला ओसरीवर बसवा, पाणी द्या आणि विचारा— बाबा रे, तुझं स्वतःचं पोरगं कुठल्या रांगेत उभं आहे?

तो उत्तर देईपर्यंत आपल्या पोराला घराबाहेर सोडू नका.