एकाच बाकाचा विज्ञानवर्ग

बोटीच्या तिकीटखिडकीत बसलेल्या तोकिएबाईंना बाकावरचं सगळं ऐकू येत होतं. बेटावरच्या शाळेत उरलेली एकुलती एक विद्यार्थिनी मिओरी आज मावशीकडे, शहरातल्या शाळेत निघाली होती. ओगाता सर तिला पोचवायला आले होते.

“मीठ-पाणी?”

“मिश्रण. सर, आज तरी सोडा ना!”

“लोखंडाचा कीस आणि गंधक?”

“नुसते कालवले तर मिश्रण, चुंबक लोखंड ओढून घेतं. तापवले की संयुग. मग चुंबक कितीही फिरवा, ढिम्म!”

“तिथे हा प्रयोग करताना खिडकीजवळ बस. घाण वास येतो.”

“तिथे जोडीला मुलगी असेल. तुमच्यासारखी परीक्षानळी फोडणार नाही.”

“एकदाच फुटली गं.”

“सर, तिथे वर्गभर मुलं. मी त्यांच्यात गेले की मिश्रण होणार का संयुग?”

“हे परीक्षेत विचारत नाहीत.”

“आणि तिथे मॉनिटर रोज नवा असतो म्हणे. इथे रोज मीच. ‘उभे राहा, नमस्कार, बसा’ मीच ओरडायचं आणि मीच उठायचं!”

“मी पण वाकायचो की.”

“उद्या तुम्हाला कोण सांगणार?”

“बोट लागली बघ. डबा घेतलास ना?”

बोट धक्क्यापासून सुटली तशी मिओरी कठड्याशी आली आणि जीव खाऊन ओरडली, “उभे राहा! नमस्कार!”

सर कमरेतून वाकले. काचेमागे तोकिएबाईही नकळत उठल्या.

पुढचं ‘बसा’ भोंग्यात बुडालं. बोट दिसेनाशी झाली, तरी सर उभेच होते.