अस्तर आधीच फाटलेलं

(कपडे धुऊन, इस्त्री करून देणाऱ्या दुकानाची मागची खोली. दोघं बहीणभाऊ इथंच कामाला आहेत.)

धाकटा: ‘चूक माझीच झाली साहेब, माफ करा.’ हात जोडून म्हणालीस तू. कुठली चूक गं ताई?

ताई: हळू बोल. बाहेर ऐकू जातं.

धाकटा: जाऊ दे. त्या कोटवाल्याला अख्ख्या गल्लीनं ऐकलं. काखेतलं अस्तर तुम्हीच फाडलंत म्हणे, माणसं आहात की जनावरं म्हणे. आणि तू मान डोलावतेस. अस्तर आधीच फाटलेलं होतं. दोघांनी पाहिलंय आपण.

ताई: पाहिलं. त्याला दाखवलं नाही.

धाकटा: का नाही दाखवलंस? कपडा घेताना गिऱ्हाइकासमोर उलटा करायचा, डाग, उसवण, तुटकं बटण बोट ठेवून दाखवायचं, मगच पावती फाडायची. मला तूच शिकवलंस.

ताई: जुनं गिऱ्हाईक आहे रे. चार लोक उभे होते. फाटकं दाखवलं की माणसाचं तोंड उतरतं.

धाकटा: त्याचं उतरू नये म्हणून तू आपलं काळं करून घेतलंस.

ताई: आणि तू काय दिवे लावलेस? पडद्यामागून उडी मारलीस, कोट हिसकावलास, पोट सुटलंय म्हणालास त्याला.

धाकटा: सुटलंयच.

ताई: हेच तुझं. शाळा अशीच सुटली. मास्तरांनी मारलं दुसऱ्याच पोराला, डस्टर फेकलंस तू.

धाकटा: नेम चुकला म्हणून नुसती शाळाच सुटली.

ताई: काकूंनी नाव बरोबर ठेवलंय. भडका.

धाकटा: भडका तर भडका. दुकान त्यांचं, नावंही त्याच ठेवणार. पण मी पडलो की घोरतो. तू? गाल आतून चावून चावून सोललेत तुझे. अर्धं ताट तसंच ठेवून उठतेस. शेजारीण न विचारता पोरगं तुझ्या गळ्यात मारून जाते, तू हसतेस. बसमध्ये कुणी तुझ्या पायावर पाय दिला तरी सॉरी तूच म्हणतेस.

ताई: आई गेल्यावर आपल्याला कुणी सांभाळलं? याच लोकांनी. का? तर मी कुणाला उलटून बोलले नाही म्हणून. तुझ्या तोंडावर घर चाललं नसतं.

धाकटा: ते खरंय.

ताई: मग.

धाकटा: मग काय. कोटवाल्यानं फोन केलाय काकूंना. ज्याच्या हातनं फाटलं तो उद्यापासून इस्त्रीच्या टेबलावर नको, असं त्यांनी बजावलंय. म्हणजे तू परत धुण्याला, सोड्याच्या पाण्यात. बोटांच्या जखमा भरल्या कुठं तुझ्या अजून?

ताई: त्या आल्या की तू माफी माग. निवळतील.

धाकटा: ओरडलो त्याची मागीन. पोटाचीही मागीन, जा. अस्तराची मात्र मेलो तरी नाही.

ताई: मग मी मागते.

धाकटा: परत तूच. एवढंच सांग ना, फाटलेलं होतं, मी दाखवलं नाही, तेवढीच माझी चूक.

ताई: काकूंना काय वाटेल?

धाकटा: वाटू दे की. एकदा तरी तुझ्यामुळं कुणाला काही वाटू दे.

ताई: गप्प बस. गप्प बस म्हणते ना. सोपं आहे तुला. तू भडकतोस आणि पाय लावून पळतोस, मागं राहून लोकांची तोंडं मी बघते. शाळेत हात जोडायला मी गेले. गॅरेजातलं काम घालवलंस, तिथंही मीच गेले. कंटाळले मी. तुला कंटाळले, त्या कोटवाल्याला कंटाळले, काकूंना कंटाळले. आणि ते अस्तर मी फाडलेलं नाही.

धाकटा: आता कसं बोललीस.

ताई: हसतोस काय?

धाकटा: हसत नाही. कान लाल झालेत तुझे. आईचे व्हायचे तसे.

ताई: स्कूटर थांबली बघ. काकू आल्या. तू बोल आधी, मग मी...

धाकटा: नाही. माझी माफी मी संध्याकाळी मागीन. ते गठ्ठे दे इकडं, पोचवून येतो.

ताई: परत पळालास?

धाकटा: हो. थांबलो तर तुझं वाक्य मीच बोलून टाकीन. मागच्या दारानं जातो. निघतो मी आता.