दुसरी वेलांटी

सन्माननीय अध्यक्षा शरयूताई, व्यासपीठावर विराजमान असलेले प्रमुख पाहुणे आणि प्राचार्य महोदय, आज ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत ते आदरणीय चिंतामण सर, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी संयोगिताताई, सर्व प्राध्यापकवृंद, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि अगदी शेवटच्या रांगेत, पंखा नाही तिथं बसलेल्या माझ्या कुपवाडच्या बायांनो, सर्वांना माझा नमस्कार.

एवढं माझ्या लेकीनं, प्रांजलनं, कागदावर लिहून दिलंय. "आई, एवढं नीट वाच, पुढचं तुझं तू बोल," म्हणाली. पंख्याचं तेवढं मी घातलं.

सूत्रसंचालन करणाऱ्या ज्ञानदा मॅडमनी मला "सरांच्या रविवारच्या वर्गातल्या एक कामगार भगिनी" असं म्हणून बोलावलं. त्यांचा काही दोष नाही, त्यांच्या कागदावर तेवढंच होतं. असू दे. नाव मी शेवटी सांगते.

मी मूळची जतकडची. माहेर काय आणि सासर काय, दोन्हीकडं मेंढरं. लग्नानंतर कुपवाडला आलो आणि पंपाच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. सोळा वर्षं काम केलं. स्कूटर घेतली तेव्हा आमच्या लाइनीत बाईमाणसाची तेवढी एकच स्कूटर होती. आणि खोटं कशाला सांगू, खाकी कपडा दिसला की माझे हातपाय गार पडायचे. सगळे कागद जवळ असले तरी! लांबूनच गाडी वळवायची आणि गल्लीबोळातून घर गाठायचं.

अशा बाईला सरांनी ताठ उभं केलं. हे मी आज सगळ्यांसमोर कबूल करते, कारण ते खरं आहे.

सहा वर्षं सर दर रविवारी सकाळी कुपवाडला आमच्या समाजमंदिरात यायचे. ना मानधन, ना फोटो. पगाराची स्लिप कशी वाचायची, कोऱ्या कागदावर सही का करायची नाही, सगळं शिकवायचे. पण आमचा आवडता धडा एकच, पोलिसानं गाडी अडवली तर काय करायचं? त्यात सर स्वतः हवालदार व्हायचे. कुणाची तरी टोपी घालायचे, डोळे वटारायचे, आणि आम्हा बायांची हसून हसून पुरेवाट व्हायची. "चल, चावी दे!" असं सर ओरडायचे. मग मी म्हणायचं, "साहेब, चूक झाली असंल तर चलन करा. चावी काढता येणार न्हाई." की सर लगेच टोपी काढून म्हणायचे, "'न्हाई' नव्हे, 'नाही'. शुद्ध बोला, म्हणजे समोरचा ऐकतो." माझा एक 'नाही' घासूनपुसून घ्यायला सरांना दोन महिने लागले.

आणखी दोन गोष्टी सरांनी आमच्याकडून अगदी घोटून घेतल्या होत्या. एक, नाव विचारलं तर तोंडातल्या तोंडात पुटपुटायचं नाही, पूर्ण नाव मोठ्यानं सांगायचं. दुसरी, वाचल्याशिवाय सही करायची नाही, आणि कागदात काही दुरुस्ती केली तर तिच्या शेजारी छोटी सही करायची. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढं लागणार आहे.

आता पाहुणे घड्याळाकडं बघायला लागले. पाहुणं, पाचच मिनिटं हां. शाल-नारळाला तुम्ही जेवढा वेळ लावला त्याच्यापेक्षा कमीच घेते.

चौदा महिन्यांपूर्वीचा रविवार. सरांची गाडी गॅरेजला होती. वर्ग संपल्यावर मीच म्हटलं, "सर, बसा मागं, विश्रामबागला घरी सोडते." सर बसले. माझ्या डोक्यावर हेल्मेट होतं, सरांच्या नव्हतं. मी म्हटलंसुद्धा, "सर, मागच्यालाबी लागतंय की." तर सर म्हणाले, "अहो, एवढ्याशा अंतराला काय होतंय?" चौकात हवालदारानं हात केला. आणि काय सांगू, मला पहिल्यांदाच भीती वाटली नाही! शिकवणारा माणूसच मागं बसलेला, मला कुणाची भीती?

हवालदार आला आणि काही विचारायच्या आधीच चावीला हात घातला. मी चावी धरून ठेवली आणि म्हटलं, "साहेब, मागच्या माणसाला हेल्मेट नाही, चूक मान्य आहे. चलन करा. चावी काढता येणार नाही." अगदी शुद्ध बोलले. 'ही'ला दीर्घ.

"लय शिकलीस व्हय गं?" तो म्हणाला. "कुणी शिकवलं तुला ह्ये?"

मी मागं वळून बघितलं. सांगायला नको, त्या क्षणाला माझी मान केवढी वर झाली असंल. म्हटलं, आता सर बोलतील. सर गाडीवरून उतरले, रुमालानं चष्मा पुसला आणि हवालदाराला म्हणाले, "मी काय, फक्त लिफ्ट मागितली होती."

फक्त लिफ्ट!

मला वाटलं, सर काहीतरी युक्ती करतायत. खरंच सांगते, मी वाट बघत उभी राहिले. गर्दी जमली, ठाण्यातले साहेब आले, गाडी जप्त करायचं ठरलं, सरकारी कामात अडथळा आणला म्हणून माझ्यावर केस करायचं ठरलं. मी वाटच बघत होते. मग साहेबांना पंचनाम्यासाठी पंच पाहिजे झाला, म्हणजे समोर काय घडलं त्याची सही देणारा तिऱ्हाईत माणूस. त्यांनी सरांना नीट बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही भले दिसताय, तुम्ही व्हा." आणि माझ्या मागच्या सीटवरून उतरलेला माणूस माझ्याच केसमध्ये पंच क्रमांक एक झाला. मग रिक्षा करून घरी गेला.

तरी मी सरांना दोष दिला नाही. बाया तोंडाला येईल ते बोलत होत्या, मी त्यांनाच दटावलं. म्हटलं, रिटायरला वर्ष राहिलंय, मनुष्य घाबरला असंल, घाईत सही केली असंल, वाचलंच नसंल. भेटायला घरीसुद्धा गेले. संयोगिताताई, तुम्हाला आठवतंय? तुम्ही दारातच म्हणालात, "सर झोपलेत." सकाळचे अकरा वाजले होते आणि आतून सरांच्या खोकल्याचा आवाज येत होता. तुमच्यावर राग नाही ताई, तुम्हाला जे सांगायला सांगितलं तेच तुम्ही सांगितलंत.

नंतर कोर्टातून कागदांच्या नकला मिळाल्या. प्रांजलनं पंचनामा मोठ्यानं वाचला. त्यात लिहिलंय की सदर महिलेनं हवालदाराच्या अंगावर धावून जाऊन चावी हिसकावून घेतली. आणि खाली एक ओळ आहे, "सदर महिलेस मी ओळखत नाही." मी म्हटलं, "वाचलं नसणार गं त्यांनी." तर लेक म्हणाली, "आई, वाचलंय. हे बघ." लिहिणाऱ्या शिपायानं 'नाहि' लिहिलं होतं, पहिली वेलांटी. ती पेनानं खोडून कुणीतरी दुसरी वेलांटी दिली होती. आणि शेजारी छोटी सही.

ती सही मी ओळखते. सहा वर्षं माझ्या वहीत बघितलीय.

एवढा मोठा खोटा पंचनामा सरांनी वाचला, आणि त्यात त्यांना चूक कोणती दिसली? तर वेलांटीची! धावून गेली, हे दिसलं नाही. हिसकावली, हे दिसलं नाही. मला ओळखत नाही, एवढं वाक्य मात्र शुद्ध करून दिलं.

सर, मान वर करा. मी भांडायला आले नाही. त्या हवालदाराचा राग मला चार दिवस आला आणि गेला, कारण तो मला ओळखत नव्हता. तुमचा राग जात नाही. मी काय करू? पोरीला अजून रोज सांगते की तुझ्या आईला सरांनी उभं केलं.

केसचा निकाल लागेपर्यंत कामावर येऊ नका, असं कंपनीनं सांगितलंय. चौदा महिने मी लोकांच्या घरी चपात्या लाटते. वकील म्हणतात, सगळी केस त्या पंचनाम्यावर उभी आहे, पंच खरं बोलला तर तुम्ही सुटला आणि कामावर परत गेला. मंगळवारी पंच क्रमांक एकची साक्ष आहे. माझ्या बाजूनं बोला असं मी म्हणत नाही. जे बघितलं तेवढंच सांगा.

आता भेटवस्तू. तुम्हाला शाल मिळाली, नारळ मिळाला, मानपत्रही मिळालं. आम्ही कुपवाडच्या बायांनी हे हेल्मेट आणलंय. सुलाबाई, आण गं पुढं. घ्या सर. मापाचं आहे का बघा. जप्तीतली गाडी मी बंधपत्रावर सोडवून आणलीय. मंगळवारी सकाळी साडेदहाला तुमच्या दारात येते. झोपला असाल तर हॉर्न वाजवीन. मागची सीट मोकळी आहे.

आणि राहिलेलं नाव. सरांनी शिकवलं तसं मोठ्यानं सांगते, म्हणजे इथल्या तीनशे माणसांदेखत सरांनाही ऐकू जाईल. माझं नाव बनाबाई कोंडीबा बंडगर.

आपण सगळ्यांनी एवढं शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल महाविद्यालयाची, अध्यक्षांची आणि पाहुण्यांची मी आभारी आहे. माझं शिक्षण थोडं, बोली जतची. बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घ कुठं चुकलं असेल तर आपण मोठ्या मनानं पोटात घालावं. सरांनी मात्र घालू नये. सर, मंगळवारी तो 'नाही' अख्खाच खोडा, आणि शेजारी छोटी सही करा.